वाकडेपणाचे भाषांतर : 'मलाकँड्रा'च्या भाषेविषयी

कल्पित ग्रह निर्माण करणाऱ्या कादंबरीकाराची कसोटी तेथील प्राण्यांना किती पाय व किती डोळे द्यावेत या प्रश्नापाशी लागत नाही. हे प्राणी तोंड उघडतात तेव्हा ती लागते. परग्रहाच्या कथांनी बहुधा ही अडचण टाळलेलीच दिसते. कोठे एखादे भाषांतरयंत्र मदतीस येते, कोठे मनोमन संवाद होतो, तर कोठे ग्रहवासी कोणतेही कारण न देता इंग्रजी बोलू लागतात. सी. एस. लुईस यांची 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट' ही १९३८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी या बाबतीत निराळी ठरते. तिचा नायक रॅन्सम हा केंब्रिजमधील भाषाशास्त्रज्ञ आहे आणि तिचा कळसाध्याय म्हणजे कोणतीही लढाई नसून एका भाषणाचे भाषांतर आहे. कल्पित ग्रहाच्या साऱ्या रचनेचा भार एका दुभाष्याच्या अडखळण्यावर टाकणारी दुसरी कादंबरी सहजासहजी आठवत नाही. हा भार ती रचना पेलते काय, हे पाहणे म्हणूनच उद्‌बोधक ठरते.

कथानक थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. पदभ्रमणाला निघालेल्या रॅन्समला वेस्टन हा पदार्थवैज्ञानिक आणि त्याचा साथीदार डिव्हाइन पळवून मंगळावर नेतात. तेथील रहिवासी आपल्या ग्रहास मलाकँड्रा म्हणतात. सॉर्न नामक प्राण्यांना नरबळी हवा आहे, अशी या दोघांची चुकीची समजूत असते. रॅन्सम त्यांच्या तावडीतून निसटतो आणि पाण्याकाठी त्याची गाठ पाणमांजराची आठवण करून देणाऱ्या, काळ्या लवीच्या, माणसाहून उंच अशा एका प्राण्याशी पडते. भीतीने गोठलेल्या रॅन्समच्या एकाएकी लक्षात येते की हा प्राणी बोलत आहे. त्या क्षणी भीती मागे पडते आणि अद्याप न लिहिलेल्या व्याकरणाची, शब्दकोशाची स्वप्ने त्याच्या डोळ्यांपुढे तरळू लागतात. प्रसंग विनोदी आहे. पण 'इतरा'शी होणाऱ्या पहिल्या भेटीत भयाची जागा घेऊ शकेल असे काही असेल तर ते भाषेविषयीचे कुतूहल होय, ही कादंबरीची मूळ धारणा त्यात उघड होते.

ही भाषा वाचकापर्यंत पोचते ती अगदी तुटपुंज्या सामग्रीनिशी. 'हँड्रा' म्हणजे माती वा भूमी, 'हँड्रामिट' म्हणजे खोल दरीतील भूमी, 'हरँड्रा' म्हणजे उंचावरचे पठार, 'थुलकँड्रा' म्हणजे मुका ग्रह, अर्थात आपली पृथ्वी, आणि 'ह्नाउ' म्हणजे विचारशक्ती असलेला कोणताही जीव. 'मलाकँड्रा' या नावात 'हँड्रा' दडलेला आहे आणि विशिष्ट व्यंजनानंतर 'ह' लोप पावतो, असा पहिला नियम रॅन्सम मनाशी नोंदवतो. संधिनियम शाळेत पाठ केलेल्या मराठी वाचकाला या नोंदीचे नवल वाटणार नाही. इंग्रजी वाचकाला मात्र येथे एक सबंध भाषा आपल्या अगोदरपासून अस्तित्वात होती असा भास होतो. लुईसचे स्नेही जे. आर. आर. टोल्किन आधी भाषा रचीत आणि मग त्या भाषांना राहण्यासाठी जग शोधीत. लुईसने याच्या उलट केले. त्याच्याजवळ भाषा नव्हती. भाषा असल्याची खूण तेवढी होती. हा दोष मानण्याचे कारण नाही. कादंबरीला कोशाची गरज नसते, शब्दाच्या मागे आणखी शब्द असल्याच्या विश्वासाची असते, आणि तो एका संधिनियमाने निर्माण होतो.

मलाकँड्रावर विचारशील जीवांच्या तीन जाती आहेत. ह्रॉसा दऱ्यांतून राहतात, नावा वल्हवतात, शेती करतात आणि गाणी रचतात. उंच, कृश, फिकट सॉर्न पठारावरील गुहांतून राहतात व ज्ञानसाधना करतात. बेडकासारखे बसणारे फिफ्लट्रिगी खाणी खणतात, सोने घडवतात, दगडावर कोरतात. त्यांची नावेही आपापल्या प्रकृतीला धरून आहेत. सॉर्नांची नावे स्वरांनी भरलेली व भारदस्त, ह्रॉसांची 'ह'कारयुक्त व लवदार, फिफ्लट्रिगींची टणक व्यंजनांची, दगडावर छिन्नी पडावी तशी. ध्वनी आणि स्वभाव यांचे हे जुळवलेले नाते आज जरा बाळबोध वाटते, आणि ते तसे आहेच.

त्याहून अधिक विचार करायला लावते ती या तिघांमधील श्रमविभागणी. गाणे, जाणणे आणि घडवणे ही तीन कामे तीन जन्मसिद्ध गटांकडे आहेत. कोणी कोणाचा हेवा करीत नाही, सारे एकमेकांना हसतात आणि सलोख्याने नांदतात. ब्रिटनमधील वाचकाला हे निरागस सुवर्णयुग वाटले असेल. जन्माने ठरलेल्या व्यवसायाची व्यवस्था ज्याने पाहिली आहे, तो वाचक येथे थबकल्यावाचून राहणार नाही. ही कादंबरी निघण्याच्या दोनच वर्षे आधी, १९३६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न झालेल्या भाषणाच्या आपल्या सुप्रसिद्ध संहितेत जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी असल्याचे मांडले होते. ही विभागणी चढत्या-उतरत्या पायऱ्यांची असते, हेही त्यांनी दाखविले होते. लुईसच्या ग्रहावर या पायऱ्या नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु गाऊ इच्छिणारा फिफ्लट्रिगी वा दगड कोरू पाहणारा ह्रॉस तेथे संभवतच नाही. पायऱ्या वगळता येतात, कारण इच्छाच आधी वगळलेली आहे. जीवशास्त्राच्या आधाराने समाजशास्त्र निर्वेध करण्याची ही युक्ती आहे आणि कल्पित ग्रहांच्या साहित्यात ती वारंवार आढळते.

आता त्या भाषांतराच्या प्रसंगाकडे वळावयास हवे. मेल्डिलॉर्न नामक बेटावर ग्रहाचा अदृश्यप्राय अधिपती ओयार्सा याच्यापुढे वेस्टन आणि डिव्हाइन यांना उभे केले जाते. त्यांच्या हातून ह्रॉसांची हत्या झालेली आहे. समोरचे सगळे रानटी, अशी खात्री असल्याने वेस्टन प्रथम मोडक्यातोडक्या मलाकँड्री भाषेत दरडावतो, मग रंगीत मणी दाखवून भुलवू पाहतो. त्याची ही बोली देवघेवीपुरती व धमकावण्यापुरती शिकलेली आहे. साम्राज्याच्या चाकरीत देशी भाषा शिकलेल्या गोऱ्या अंमलदारांच्या बोलीचे हे विडंबन ओळखावयास कोणत्याही वसाहतीतील वाचकाला कष्ट पडू नयेत. पुढे वेस्टनला आपले तत्त्वज्ञान सांगावयाचे असते, तेव्हा ही बोली अपुरी पडते. तो इंग्रजीत बोलतो आणि रॅन्सम भाषांतर करतो.

वेस्टनचे भाषण शैलीदार आहे. आपण सामान्य लुटारू नव्हे, मानववंशाचे भवितव्य आपल्या खांद्यांवर आहे, असा त्याचा दावा आहे. रॅन्सम ते असे मांडतो की आमच्याकडे काही ह्नाउ दुसऱ्यांचे लक्ष नसताना त्यांचे अन्न व वस्तू घेतात, आपण त्यांपैकी साधासुधा नाही असे हा म्हणतो आहे. वेस्टन कायदा म्हणतो. रॅन्समला सांगावे लागते की आमच्यात वाकडे लोक पुष्कळ आहेत आणि आम्ही त्यांना मारतो वा कोंडून ठेवतो. वेस्टन सैन्य म्हणतो. एका भूमीच्या ह्नाउंनी दुसऱ्या भूमीच्या ह्नाउंना मारण्याचे शिक्षण आमच्याकडे काहींना देतात, असे ते होते. स्थळकाळावर मात करणारी वाहतूक म्हणजे जड ओझी फार वेगाने फार दूर नेता येणे. आणि श्रेष्ठाने कनिष्ठाची जागा घेण्याचा हक्क म्हणजे, आमच्या लोकांनी तुमचे सगळे लोक मारले तरी ते वाकडे होणार नाही.

या प्रसंगाचे सामर्थ्य कशात आहे? ते उपहासात आहे असे म्हणून भागणार नाही, कारण रॅन्सम उपहास करीतच नाही. तो प्रामाणिक भाषांतरकार आहे. घडते ते व्याकरणाच्या पातळीवर. वेस्टनचे प्रत्येक भाववाचक नाम, मग ते हक्क असो, कायदा असो वा संस्कृती असो, भाषांतरात फुटते आणि त्यातून कर्ता, क्रियापद व कर्म बाहेर येतात. कोणी, कोणाला, काय केले, हे तीन प्रश्न भाववाचक नाम झाकून ठेवते. वाक्य मात्र त्यांची उत्तरे दिल्यावाचून पुढे सरकू शकत नाही. वसाहतवादी संभाषिताची चिकित्सा करणारे पुढील काळातील अनेक जाड ग्रंथ जे काम करतात, ते येथे दोन-चार पानांत एका दुभाष्याच्या हातून झाले आहे.

मलाकँड्री भाषेत दुष्टपणासाठी स्वतंत्र शब्द रॅन्समला सापडत नाही. 'वाकडा' या अर्थाच्या शब्दावर त्याला काम भागवावे लागते. इंग्रजी वाचकाला या शब्दाचा धक्का बसतो, कारण त्याच्या भाषेत दुष्टता आणि वक्रता यांचा संबंध मावळलेला आहे. मराठीत ही कादंबरी आणू पाहणाऱ्याची येथे मोठी पंचाईत होईल. वाकडे पाऊल, वाकडी नजर, वाकड्यात शिरणे हे प्रयोग मराठीत इतके रुळले आहेत की परग्रहाची भाषा मराठी वाचकाला घरचीच वाटू लागेल. शिवाय या भाषेच्या स्मरणात 'पसायदान' आहे. १२९० च्या सुमारास ज्ञानदेवांनी खळांचा नाश मागितला नाही. त्यांची 'व्यंकटी' सुटावी असे मागितले. व्यंकटी म्हणजे वाकडेपणाच. वाकडे ते मुळात सरळ होते आणि पुन्हा सरळ होऊ शकते, असा अर्थ त्या एका शब्दात गृहीत आहे. ओयार्साचा न्यायही याच अर्थावर उभा आहे. केवळ सोन्याच्या लोभाने आलेला डिव्हाइन त्याच्या मते मोडलेला आहे. त्याच्यात ह्नाउ म्हणून काही शिल्लक उरलेले नाही. वेस्टन मात्र वाकलेला आहे. स्वजातीवरील प्रेम हा साऱ्या ह्नाउंना ठाऊक असलेला नियम. तोच एक नियम वेस्टनने इतर सर्व नियमांच्या वर चढवून बसवला आहे. म्हणून वेस्टन अधिक हानी करू शकतो, आणि तो आपल्या ग्रहाचा असता तर आपण त्याला बरे करण्याचा यत्न केला असता, असे ओयार्सा म्हणतो. लुईसचे वैचारिक अधिष्ठान ख्रिस्ती आहे, आणि पाप म्हणजे सद्‌गुणाचीच विकृती हा विचार त्या परंपरेत जुना आहे. दोन दूरच्या परंपरा एकाच रूपकापाशी याव्यात याचे कारण प्रभावात शोधण्याचे प्रयोजन नाही. काठी वाकते, वाट वाकते, हे सर्वांनीच पाहिलेले असते.

या युक्तीचे पूर्वज आहेत. स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधील (१७२६) विवेकी घोड्यांच्या भाषेत 'खोटे' यासाठी शब्द नाही. वेल्सच्या 'द फर्स्ट मेन इन द मून' (१९०१) मध्ये चंद्राच्या अधिपतीला दुभाष्याकरवी पृथ्वीवरील युद्धांची हकिगत सांगितली जाते आणि तीच सांगणाऱ्याच्या अंगाशी येते. लुईसने वेल्सचे ऋण ग्रंथारंभीच मान्य केले आहे. मात्र पूर्वजांपेक्षा उत्तराधिकारी येथे अधिक अडचणीचा प्रश्न उभा करतो. १९४९ साली ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये 'न्यूस्पीक' अवतरली. ज्या गोष्टीस शब्द नाही ती मनात येऊ शकत नाही, हे तिचे सूत्र होय. मलाकँड्रावर 'युद्ध' हा शब्द नाही म्हणून तेथे नंदनवन; न्यूस्पीकमध्ये 'स्वातंत्र्य' या शब्दाचा राजकीय अर्थच उरत नाही म्हणून तो तुरुंग. यंत्रणा एकच असेल, तर एका ठिकाणी वाचकाने टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या ठिकाणी शहारायचे, हे कोणत्या न्यायाने?

संहिता बारकाईने वाचली तर या आक्षेपाला उत्तर मिळते, आणि ते लुईसच्या समर्थकांनी सहसा दिलेल्या उत्तराहून निराळे आहे. मलाकँड्री भाषेत वाईट बोलताच येत नाही, म्हणून ती शुद्ध, असे समजले जाते. प्रत्यक्षात रॅन्सम चोरी, कारावास, युद्ध आणि वंशसंहार हे सगळे त्या भाषेत सांगतो आणि ओयार्साला ते सगळे कळते. शब्द नसले तरी वाक्य रचण्याची मुभा आहे. न्यूस्पीकमध्ये गहाळ झालेल्या शब्दाभोवती फिरून त्याचा अर्थ उलगडून सांगण्याची वाटच बंद केलेली असते. तेव्हा भाषेचे दारिद्र्य वा समृद्धी शब्दसंख्येने मोजणे व्यर्थ होय. अर्थाचा उलगडा करण्याची वाट मोकळी आहे की नाही, हा खरा निकष ठरतो, आणि त्या निकषावर मलाकँड्री ही मुक्त भाषा आहे.

अपवाद एकच, आणि तो निर्णायक आहे. जीवन हे कोणत्याही नीतिव्यवस्थेहून मोठे आहे, अशा अर्थाचे वाक्य वेस्टन उच्चारतो तेव्हा रॅन्सम एक भाषांतर करू पाहतो, ते चुकले म्हणून दुसरे करतो, तेही सोडून देतो आणि अखेर हा जे म्हणतो ते तुमच्या भाषेत मला सांगता येत नाही, अशी कबुली देतो. येथे उणेपण नेमके कोणाचे? रॅन्सम ते भाषेच्या पदरी घालतो. परंतु तो ही भाषा काही काळच शिकला आहे. उणेपण त्याचेही असू शकेल. तिसरी शक्यता लुईसला अभिप्रेत आहे: इंग्रजीतही त्या वाक्याला अर्थ नाही, केवळ नाद आहे. कादंबरी ही तिसरी शक्यता सिद्ध करीत नाही, तिच्याकडे बोट दाखवते एवढेच. वेस्टनची बाजू मांडणारा अधिक समर्थ दुभाषी लेखकाने दिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच. भाषा लेखकाची, दुभाषी लेखकाचा आणि न्यायाधीशही लेखकाचाच. असा खटला जिंकणे फारसे अवघड नसते. तरीही वेस्टन प्राणभयाने मागे हटत नाही, आपल्या तत्त्वासाठी मरायला तयार होतो, हे दाखवण्याइतका लुईस प्रामाणिक आहे. त्यामुळेच प्रसंग व्यंगचित्र होता होता वाचतो.

या गाजलेल्या प्रसंगाच्या छायेत एक लहानसे संभाषण बहुधा दुर्लक्षित राहते. वस्तुतः भाषेविषयीचे या ग्रंथातील सर्वांत मोलाचे विधान तेथे आहे. कनाकबेराका नावाचा फिफ्लट्रिगी रॅन्समची प्रतिमा दगडात कोरीत असतो. तिन्ही जाती एकच भाषा कशी बोलतात, या प्रश्नाला तो जे उत्तर देतो त्याचा मथितार्थ असा: ती ह्रॉसांची भाषा आहे. आमची भाषा कोणी शिकत नाही, कारण आम्हाला जे म्हणायचे ते आम्ही दगडात व सोन्यात म्हणतो आणि ते सर्वांना दिसते. सॉर्नांची भाषा कोणी शिकत नाही, कारण त्यांचे ज्ञान कोणत्याही शब्दांत घातले तरी तेच राहते. ह्रॉसांच्या गाण्यांचे तसे नाही. म्हणून त्यांची भाषा ग्रहभर गेली. परक्यांशी आम्ही ती बोलतो. घरी मात्र आमच्या जुन्या भाषा आहेत.

एखादी भाषा सर्वांची का होते, याचे राज्य, बाजार वा धर्म यांवाचून दिलेले हे उत्तर आहे. जिच्यातील काव्याचे भाषांतर होत नाही ती भाषा इतरांना शिकावी लागते, हा विचार कोणत्याही भाषाभिमान्याला सुखावील. इतिहासात असे क्वचितच घडले आहे, हे वेगळे सांगावयास नको. तरीही या उत्तरात घराची बोली आणि परक्यांशी बोलण्याची भाषा यांतील अंतर जितक्या सहजतेने मान्य केले आहे, तितक्या सहजतेने ते कल्पित ग्रहांच्या कथांत क्वचितच आढळते. एक ग्रह, एक भाषा, एक संस्कृती या आळशी समीकरणाला येथे छेद मिळतो. दुर्दैवाने लुईसने हा धागा पुढे नेला नाही. फिफ्लट्रिगींच्या त्या घरच्या बोलीतील एकही वाक्य वाचकाच्या कानी येत नाही. उलट ज्याचे भाषांतर होत नाही म्हणून सांगितले, ते ह्रॉसांचे मृत्युगीत मात्र इंग्रजीत उतरून येते. १९४३ सालच्या 'पेरेलँड्रा' या दुसऱ्या कादंबरीत तर मूळ भूमिकाच बदलते. ह्रॉसांची भाषा ही सूर्यमालेतील सर्व विचारशील जीवांची आद्य भाषा होती, पृथ्वीवर ती लोपली आणि मलाकँड्रावरील इतर भाषा अलीकडच्या आहेत, असे तेथे सांगितले जाते. गाण्यांच्या बळावर पसरलेली शेजाऱ्यांची भाषा अशा रीतीने देववाणी होते. सर्व भाषांची एक पवित्र जननी मानण्याचा मोह आपल्याकडेही परिचित आहे, आणि त्याची किंमत नेहमी घरच्या बोलींना चुकवावी लागते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने लुईसची मांडणी आता अधिक सुसंगत झाली असेल. कादंबरीच्या दृष्टीने तो तोटा होता. कनाकबेराकाच्या 'जुन्या' भाषा एका फटक्यात नव्या ठरल्या.

लुईसला याची बोच नव्हती असे म्हणता येत नाही. पहिल्या कादंबरीच्या शेवटी जोडलेल्या पत्रात रॅन्सम लेखकाकडे तक्रार करतो की ग्रंथातील भाषाविषयक भाग निष्ठुरपणे कापला गेला आणि वाचकांपुढे मलाकँड्री भाषेचे निव्वळ विद्रूप तेवढे गेले. ही कबुली म्हणजे कथनातील एक खेळीही आहे, हे खरे. परंतु वर उल्लेखिलेल्या त्याच संभाषणात तिला एक आगाऊ उत्तर मिळून गेले आहे. कोरलेली प्रतिमा आपल्यासारखी दिसत नाही, असे वाटून रॅन्सम हरकत घेतो. कनाकबेराका हातातले काम न थांबवता सांगतो की ती फार हुबेहूब करायचीच नव्हती. हुबेहूब केली तर मागाहून जन्मणाऱ्यांचा तिच्यावर विश्वास बसणार नाही.